‘पिक’ची वही: छोटा इंग्रजी शब्द कसा फोडावा

ठाण्याच्या बाळकुमहून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी. तिथून काल्हेर, पूर्णा, राहनाळपर्यंत गोडाऊनच गोडाऊन, आणि पुढे भिवंडी शहरात शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट. एवढ्याशा पट्ट्यात एक चार अक्षरी इंग्रजी शब्द दिवसभर वेगवेगळ्या कामांना जुंपलेला असतो. गोडाऊनमध्ये ‘पिक’ म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढणं. मागावर ‘पिक’ म्हणजे कापडातला आडवा धागा. रस्त्यावर ‘पिकअप’ म्हणजे मागे हौदा असलेली छोटी मालगाडी. आणि मोबाइलवर ‘पिक पाठव’ म्हटलं तर फोटो.

आपल्याकडच्या मुलांना ‘रीकन्सिलिएशन’, ‘डॉक्युमेंटेशन’ असले लांबलचक शब्द अडवत नाहीत. लांब शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. तो एकदा पाठ केला की काम झालं. दगा देतात ते चिमुकले शब्द: पिक, सेट, रन, गेट, पुट. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती, पुढच्या संपादनात तो मान ‘रन’ने पटकावला. ऑग्डेन नावाच्या इंग्रज पंडिताने 1930मध्ये फक्त 850 शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ काढलं आणि त्यात क्रियापदं ठेवली अवघी 18. ऐकायला केवढं सोपं! पण त्यामुळे एकेका छोट्या क्रियापदाच्या पाठीवर डझनभर अर्थांची गोणी आली, आणि शिकणाऱ्याची मान मोडायची ती मोडलीच.

या दुखण्यात आपण एकटे नाही. फ्रेंच माणूस इंग्रजी शिकायला बसतो तेव्हा याच शब्दापाशी अडखळतो. फुलं खुडायला त्याच्याकडे ‘क्युयिर’ आहे, निवडायला ‘श्वाझिर’, पडलेलं गोळा करायला ‘रामासे’, फोन उचलायला ‘देक्रोशे’ आणि मागावरच्या आडव्या धाग्याला ‘द्युइत’. त्यात भर म्हणजे त्याच्या भाषेत ‘पिके’ असं एक क्रियापद आधीच बसलेलं. त्याचा अर्थ टोचणं, आणि बोलीत लंपास करणं. आपलं त्या मानाने बरं. आपल्याकडे फक्त शेतातलं पीक मध्ये येतं.

खालची कृती गोडाऊनमध्ये, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किंवा मागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या आणि दहावी-बारावीपर्यंत इंग्रजी झालेल्या माणसासाठी आहे. दोन-चार जण मिळून केली तर उत्तम. ‘पिक’ हा नमुना धरून सांगतो. रीत कुठल्याही छोट्या शब्दाला चालते.

साहित्य: शंभर पानी वही, दोन रंगांची पेनं, मोबाइल, आणि परभाषकांसाठी केलेला एखादा इंग्रजी कोश. कोश मात्र चौथ्या पायरीपर्यंत उघडायचा नाही. वेळ एक आठवडा, रोज पंधरा-वीस मिनिटं.

पहिली पायरी: शब्द आपल्या कामातला घ्या. पाठ्यपुस्तकातला नको. जो शब्द रोज कागदावर, पडद्यावर किंवा मुकादमाच्या तोंडून कानावर आदळतो, तोच घ्यायचा. आठवड्याला एकच शब्द. दोन घेतले की दोन्ही जातात.

दुसरी पायरी: वाक्यं गोळा करा. नुसता शब्द लिहू नका. तो ज्या वाक्यात आला ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. मोडकंतोडकं असलं, निम्मं हिंदी असलं तरी दुरुस्त करू नका. कशेळी-काल्हेरच्या गोडाऊनमध्ये एका पाळीत आगरी बोलणारा, उत्तर प्रदेश-बिहारकडचा आणि कधी तेलुगू घरातला असे तिघे एकाच रॅकपाशी उभे असतात, त्यामुळे इंग्रजी शब्द तिथे तीन भाषांतून फिरून येतो. तोच आपला कच्चा माल.

पिकलिस्ट हाती घेऊन बघा. वर ऑर्डरचा नंबर, खाली ओळीने जागा, मालाचा कोड आणि नग. पिकर तो कागद किंवा हातातला स्कॅनर घेऊन रॅकपाशी जातो, आधी जागेचा बारकोड मारतो, मग मालाचा, नग टाकतो, पुढची ओळ. पाच नग मागितले आणि जागेवर तीनच सापडले तर ते ‘शॉर्ट पिक’. निळ्याऐवजी हिरवा डबा आला तर ‘मिसपिक’, आणि मग दिवसभर बोलणी. ‘पिक झाला, पॅक बाकी आहे’, ‘उसको पिकिंग में डालो’, ‘पिकर कमी आहेत आज’ ही सगळी वाक्यं वहीत यायला हवीत. मागाच्या शेडमध्ये गेलात तर ‘या क्वालिटीचा पिक किती?’ हे. स्टँडवर ‘पिकअप भरली का?’ हे. मेकॅनिककडे ‘गाडी पिकअप घेत नाही’ हे. हॉटेलात बडीशेपेशेजारी ठेवलेली टूथपिकसुद्धा सोडू नका. तीन दिवसांत वीस-पंचवीस वाक्यं आरामात होतात.

तिसरी पायरी: घुसखोर बाहेर काढा. ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळा घोळ होतो. आपण देवनागरीत ‘पिक’ किंवा ‘पीक’ लिहितो त्यामागे इंग्रजीतले निरनिराळे शब्द दडलेले असतात. म्हणून प्रत्येक वाक्यासमोर दुसऱ्या रंगाने इंग्रजी अक्षरं लिहा. माल काढणं: पी-आय-सी-के. डिलिव्हरीचा फोटो मागणारा ‘पिक’: पी-आय-सी, म्हणजे ‘पिक्चर’चा तुकडा, त्याचा उचलण्याशी काही संबंध नाही. दिवाळीआधीचा ‘पीक सीझन’: पी-ई-ए-के, म्हणजे शिखर. भाताचं पीक तर मराठीच. पिकनिक इंग्रजीत फ्रेंचमधून आली आणि पिकल म्हणजे लोणचं. एवढे बाजूला काढा आणि त्यांच्यावर काट मारा.

आता खरी गंमत. मागावरचा ‘पिक’ही अक्षरांनी पी-आय-सी-केच आहे, पण तो गोडाऊनमधल्या ‘पिक’चा सख्खा भाऊ नाही. इंग्रजीच्या जुन्या बोलींत फेकणे या अर्थी एक वेगळं ‘पिक’ होतं. चेंडू ‘पिच’ करणं त्याच्याच घरातलं. मागावर आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूने दुसरीकडे फेकला जातो. ती एक फेक म्हणजे एक पिक, आणि त्या फेकीने पडलेला आडवा धागा म्हणजेही पिक. यंत्रमागाच्या कडेला जो दांडा धोट्याला तडाखा देतो त्याचं नाव पिकिंग स्टिक. तो काही उचलत नाही, ढकलतो. लँकेशायरच्या जॉन के याने 1733मध्ये दोरीच्या झटक्याने पळणाऱ्या धोट्याचं पेटंट घेतलं तेव्हाही फेक होतीच. आता हवेच्या झोताने धागा नेणाऱ्या मागांवर धोटाच उरला नाही, तरी धाग्याचं नाव पिकच राहिलंय.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाच्या तुकड्यावर एक इंची चौकटीचं भिंग ठेवा. चौकटीत उभे धागे दिसतात आणि त्यांच्या वर-खाली शिरून गेलेले आडवे. सुईच्या टोकाने आडवे धागे मोजत जायचं. बावन्न भरले तर कापड बावन्न पिकाचं. पिक वाढला की कापड घट्ट, माग तेवढ्याच वेळात कमी मीटर देतो, म्हणून मजुरीही पिकावर ठरते. इचलकरंजीत मजुरीचा दर ‘52 पिकाला इतके पैसे’ असाच बोलला जातो. तेव्हा हा पिक वहीत वेगळ्या पानावर लिहा. उचलण्या-निवडण्याच्या पानावर त्याला कोंबलंत तर पुढची पायरी जमणार नाही.

चौथी पायरी: मराठी क्रियापदांचे ढीग करा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

उरलेलं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्यासमोर मराठीत तिथे कोणतं क्रियापद येतं ते लिहा. लिहू लागलात की ध्यानात येईल, आपली भाषा या बाबतीत भलतीच चोखंदळ आहे. खाली सडा पडलेला प्राजक्त आपण वेचतो, जास्वंद तोडतो, मेथीची पानं खुडतो. कापूस वेचतो. आंबे उतरवतो. तांदूळ निवडतो, म्हणजे खडे काढतो. पोरीच्या केसातल्या लिखा काढतो. पाखरू दाणे टिपतं. दात कोरतो. खिसा कापतो, नाहीतर मारतो. भांडण उकरून काढतो. या बहुतेक सगळ्या जागी इंग्रज माणूस ‘पिक’वर काम भागवतो, तांदूळ निवडायला फार तर ‘पिक ओव्हर’ म्हणेल. ‘निटपिकिंग’ म्हणजे बारीकसारीक खुसपटं काढणं, पण त्यातलं ‘निट’ म्हणजे चक्क लीख.

तेव्हा ‘पिकचे अर्थ किती?’ हा प्रश्नच उलटा आहे. इंग्रज माणसाच्या मनात वीस अर्थ नसतात. त्याच्या मनात एकच ढोबळ हालचाल असते: बोटांनी किंवा टोकदार वस्तूने पुष्कळातून थोडं वेगळं काढणं. कापूस बोंडातून, खडा तांदळातून, दातातला कण काडीने, डबा रॅकमधून. मराठी माणूस काय काढलं ते बघून क्रियापद बदलतो, इंग्रज बदलत नाही. म्हणून पाठांतर सोडा आणि ढीग करताना प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा: हात लागला का? निवड झाली का? वस्तू जागची हलली का?

रॅकवरून ऑर्डरचा डबा काढला: हात लागला, ठरलेला कोड शोधून काढला, डबा हलला. तिन्हींना होय. कॅप्टनने संघ ‘पिक’ केला: हात नाही, निवड आहे, हलणं नाही. जमिनीवरचा रुमाल उचलला: हात आहे, हलणं आहे, निवड नाही, आणि बघा, इथेच इंग्रजीत ‘पिक’ला ‘अप’ जोडावं लागतं. हा नियम सगळीकडे चालेल अशी हमी नाही, पण निम्म्याहून जास्त वाक्यांत चालतो, आणि कामावरच्या माणसाला तेवढा पुरतो.

एखाद्याने तक्रार केलीच की ही इंग्रजी भाषा म्हणजे वैताग आहे, एका शब्दाला किती अर्थ ठेवायचे, तर त्याला ‘लागणे’ची आठवण करून द्या. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, डोळा लागला, रांग लागली, जावं लागलं. पुण्या-मुंबईत मराठी शिकू बघणारा एखादा फ्रेंच माणूस यावर डोकं धरून बसत असेल.

आता कोश उघडा. त्यातही एक सावधगिरी. ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात सर्वांत जुना अर्थ आधी येतो. तो आज कुणी वापरतही नसेल. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत साधारणपणे जास्त चालणारा अर्थ वर असतो आणि सोबत वाक्यं असतात. हा प्रकार रुजवला हॉर्नबी नावाच्या इंग्रजाने. जपानात शिकवता शिकवता त्याने असा कोश केला, तो 1942मध्ये तिथे छापला आणि 1948मध्ये ऑक्सफर्डने पुढे आणला. त्याच्याच वंशातला कोश घ्या. तुमच्या ढिगात नसलेला पण कामाचा वाटणारा अर्थ सापडला तरच वहीत घाला. कोशातलं सगळं उतरवत बसलात तर आठवडा तिथेच संपेल.

पाचवी पायरी: शेपट्या तपासा. अप, आउट, ऑन, अ‍ॅट या छोट्या शेपट्यांनी अर्थ फिरतो. ‘पिक आउट’ म्हणजे गर्दीतून नेमकं हुडकणं. ‘पिक ऑन’ म्हणजे एखाद्याच्या हात धुऊन मागे लागणं. ‘पिक अ‍ॅट’ ताटाशी आलं तर नुसतं चिवडणं. सगळ्यात राबता ‘अप’चा: उचलणं, घ्यायला जाणं, फोन घेणं, धंद्याने उचल खाणं, आणि कानावर पडून भाषा शिकणं. भिवंडीत कामाला आलेला माणूस सहा महिन्यांत मराठी बोलू लागतो ते याच अर्थी ‘पिक अप’ करणं.

इथे दोन गोष्टी तोंडात घोळवा. गाडीचं नाव घेताना जोर ‘पिक’वर असतो, क्रिया सांगताना जोर ‘अप’वर जातो. आणि ‘इट’, ‘हिम’, ‘देम’सारखं सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ नाही, कधीच नाही.

आपल्या बोलण्यातली एक खोड मात्र मुळातून काढा. मराठीत आपण बिनधास्त म्हणतो, ‘मी तुला कशेळी नाक्यावरून पिक करतो.’ मराठीत ठीक. पण इंग्रजीत ‘आय विल पिक यू’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही त्याला कशासाठी तरी निवडताय. त्याला गाडीत घ्यायचं असेल तर ‘अप’ हवाच. फोनचंही तसंच. मुलाखतीला गेलेल्या मुलाने ‘आय पिक कॉल्स’ म्हटलं तर समोरचा समजून घेतो, पण कान टवकारतो.

सहावी पायरी: चाळणी लावा. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक ढाक्याला शिक्षक तयार करायच्या कामावर होता. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय अडतं ते तिथे बघून त्याने जन्मभराचा उद्योग केला, आणि 1953मध्ये त्याची सुमारे 2000 शब्दांची यादी आली. तिची खुबी ही की शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, तेही त्यात छापलंय. क्वचित येणाऱ्या अर्थावर वर्गाचा तास घालवू नका, हा त्यातला बोध. आपण आकडेमोडीत जायचं नाही, वहीतल्या वाक्यांवर खुणा करायच्या. रोज लागणाऱ्याला दोन खुणा, आठवड्यातून लागणाऱ्याला एक, बाकी कोरे. पिकरच्या वहीत माल काढणं, शॉर्ट पिक आणि ‘पिक अप’ यांना दोन खुणा पडतील. यंत्रमागवाल्याचा हिशेब वेगळा पडणार, पडू द्या. कुलूप तारेने उघडण्याचा ‘पिक’ दोघांच्याही वहीत कोरा राहिलेला बरा.

सातवी पायरी: बोलून बघा. दोन खुणांच्या प्रत्येक अर्थाचं एक चिठोरं करा. त्यावर इंग्रजी शब्द लिहायचा नाही, फक्त मराठीत प्रसंग: ‘पाच मागितले, तीनच मिळाले, सुपरवायझरला कळव.’ ‘ड्रायव्हरला सांग, पार्टीच्या माणसाला काल्हेरहून गाडीत घे.’ ‘या कापडात इंचाला आडवे धागे किती ते विचार.’ एकाने चिठोरं वाचायचं, दुसऱ्याने पूर्ण इंग्रजी वाक्य म्हणायचं. एका शब्दाचं उत्तर धरायचं नाही, कारण शब्द सगळ्यांना येतो, अडतं ते वाक्य. ‘वुई आर टू शॉर्ट ऑन धिस पिक’, ‘प्लीज पिक हिम अप फ्रॉम काल्हेर’, ‘हाउ मेनी पिक्स पर इंच?’ अशी उत्तरं न अडखळता आली की चिठोरं बाजूला. चुकलं तर ते गठ्ठ्याच्या तळाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग दोन दिवस सोडून एकदा. पाळी सुटल्यावर घरी जाताना शेअर रिक्षात हे होऊन जातं. एकटेच असाल तर उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. लाज वाटेल, पण चुका स्वतःच्याच कानाला कळतात.

वही फेकू नका. महिन्याने त्याच पानावर नवी वाक्यं आपोआप येऊन पडतात, कारण एव्हाना कान लागलेला असतो.

पुढच्या आठवड्याला ‘चेक’ घ्या. चौकटीचं चेक्स कापड, गेटवरचं मालाचं चेकिंग, पार्टीने दिलेला आणि न वटलेला चेक, बुद्धिबळातला चेक. तिसऱ्या पायरीला घुसखोर काढायला बसाल तर फसगत होईल. बँकेच्या चेकची अक्षरं आपल्याकडे वेगळी लिहितात म्हणून तो परका वाटेल, पण इथे ‘पिक’च्या नेमकं उलट आहे. हे चारही चेक एकाच फारसी ‘शाह’पासून, बुद्धिबळाच्या पटावरून, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले आहेत. आपला ‘शह’ही तिथलाच.